जुन्या पुस्तकाच्या पानांतून गोष्ट करताय? मग या चुका टाळा

छापील पानावरचे काही शब्द ठेवायचे, बाकीचे रंगाने झाकायचे आणि उरलेल्या शब्दांतून नवी गोष्ट करायची, असा हा खेळ. यात सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पान समोर आलं की थेट ब्रश उचलायचा. पान सुंदर होतं खरं, पण खालचे शब्द एकदा झाकले गेले की त्यातली गोष्ट शोधायची कशी? आधी पान वाचा, मग परत वाचा पण यावेळी अर्थ सोडून नुसते शब्द बघत जा, एखादा शब्द अडवतोच, त्याला पेन्सिलने हलकाच गोल करा आणि त्याच्याशी जुळणारे वर-खाली शोधा. मराठी पुस्तक असेल तर प्रत्ययाकडे लक्ष द्या. 'नदीला' मधला 'ला' झाकला की 'नदी' उरते, पण 'घराला' मधून 'घर' हवं असेल तर काना पण झाकावा लागतो.

दुसरी गडबड म्हणजे प्रत्येक पान वेगळं छान, पण एकमेकांशी संबंधच नाही. इथे टॉम फिलिप्स या ब्रिटिश चित्रकाराचं काम बघाच. त्यांनी १९६६ मध्ये १८९२ सालची एक विसरली गेलेली कादंबरी घेतली आणि पुढची पन्नास वर्षं तिच्याच पानांवर काम केलं. त्यांच्या या नव्या गोष्टीतल्या नायकाचं नाव 'टुगेदर' आणि 'ऑल्टुगेदर' या इंग्रजी शब्दांतून कापून काढलंय, म्हणून हे शब्द ज्या पानावर असतील तिथेच तो येतो. किती साधा नियम आहे, आणि त्याने अख्खं पुस्तक बांधलं गेलं! तुम्हीही असा एखादा नियम ठरवा. निवडलेले शब्द जोडायला फिलिप्स ओळींमधल्या कोऱ्या जागेतून पांढऱ्या वाटा काढायचे, ही युक्ती नक्की वापरा, नाहीतर वाचणाऱ्याला कुठून कुठे जायचं तेच कळत नाही.

आता पानं वाकडी होण्याबद्दल. छापील कागद पातळ असतो, पाणी लागलं की फुगतो, म्हणून दोन-तीन पानं आधी एकमेकांना चिकटवून जाड करा, गोंद पातळ करू नका, कडेपर्यंत एकसारखा पसरवा, चिकटवलेल्या पानांच्या दोन्ही बाजूंना बटर पेपर घालून वजनाखाली रात्रभर ठेवा. वरून जेसोचा (रंगाच्या आधी लावायचा पांढरा लेप) पातळ हात दिला तर रंग आत झिरपत नाही, फक्त ठेवायचे शब्द सोडून लावा. अल्कोहोल मार्कर मागच्या पानावर उतरतोच, तिथे अ‍ॅक्रेलिक पेन बरा.

पुस्तक मिटत नाहीये? कोलाजमुळे, म्हणजे वरून चिकटवलेल्या कागदाच्या तुकड्यांमुळे, जाडी वाढते, म्हणून सुरुवातीलाच मधून मधून काही पानं कापून काढा, पण शिवणीपाशी थोडी पट्टी सोडा, नाहीतर त्याच पानाचा दुसरा अर्धा भाग पण सुटून येतो. नुसत्या गोंदाने चिकटवलेलं पुस्तक तर लवकरच सुटं होतं, शिवलेलंच घ्या.

आणि पिवळं पडून तुकडे पडणारं पुस्तक घेऊ नका, तो कागद आम्लामुळे ठिसूळ झालेला असतो, घडी घातली की मोडतो. दुर्मिळ किंवा कुणाच्या हस्ताक्षरातल्या नोंदी असलेलं पुस्तक मात्र कापूच नका, स्कॅन करून प्रिंटवर काम करा.