तिरका नंबर असताना मोतीबिंदूचे भिंग कसे ठरवावे

निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांतून मोतीबिंदूसाठी बेळगावला येणाऱ्या रुग्णाने जुन्या चष्म्याची चिठ्ठी सोबत आणावी. तिच्यावर ‘सिलिंडर’ आणि ‘ॲक्सिस’ या रकान्यांत आकडे असतील तर नंबर तिरका आहे, म्हणजे डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नाही. अशा डोळ्यात साधे भिंग बसवले तर मोतीबिंदू निघतो, पण दूरचे धूसरच राहते. ही उणीव भरून काढणाऱ्या भिंगाला टोरिक म्हणतात.

मात्र चिठ्ठीवरच्या आकड्यावरून टोरिक ठरत नाही. चष्म्याच्या नंबरात मोतीबिंदू झालेल्या नैसर्गिक भिंगाचाही वाटा असतो आणि ते भिंग शस्त्रक्रियेत निघूनच जाते; म्हणून डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचे, म्हणजे पारपटलाचे, माप महत्त्वाचे. पारपटलातला हा तिरकेपणा साधारण १ डायॉप्टरपेक्षा (डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबराचे एकक) बराच कमी असेल तर टोरिकचा जादा खर्च सहसा करावा लागत नाही. माझ्या आत्याच्या दोन मापांत मेळ बसला नाही, तेव्हा डोळे कोरडे असल्याचे सांगून डॉक्टरांनी काही आठवडे थेंब घालायला लावले आणि पुन्हा मापे घेतली. घरच्यांना हा उशीर खटकला होता, पण तोच योग्य निर्णय होता असे मला आजही वाटते. उन्हाधुळीत शेती करणाऱ्यांच्या पारपटलावर कोपऱ्यातून मांसल वाढ चढलेली असेल तर तीही माप बिघडवते; आधी ती काढावी लागेल का, हे विचारावे.

यानंतरचा सगळा भरवसा अक्षावर, म्हणजे भिंग ज्या कोनात बसवायचे त्या दिशेवर, आहे. भिंग ठरलेल्या अक्षापासून १ अंशाने फिरले तर सुधारणा सुमारे ३.३ टक्क्यांनी घटते, १० अंशांनी जवळपास एक तृतीयांश जाते आणि ३० अंशांवर काहीच उरत नाही. आडवे झाल्यावर डोळा खोबणीत किंचित फिरतो. त्यामुळे शाईने खूण करायची असेल तर ती रुग्णाला बसवून करतात, तर काही ठिकाणी हे काम यंत्र करते. ‘अक्षाची खूण कशी करणार?’ हा प्रश्न विचारायला संकोचू नये. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये.

अपेक्षाही आधीच स्पष्ट हव्यात. एका अंतरासाठीच्या टोरिक भिंगाने बसची पाटी बिनचष्म्याची वाचता येण्याची शक्यता बरीच वाढते, पण पोथी वा औषधाची चिठ्ठी वाचायला चष्मा बहुधा लागतोच. मधुमेहाने नेत्रपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, खराब झाले असेल तर उत्तम भिंगानेही नजर पूर्ण परत येत नाही.

भिंग फिरलेच तर ते बहुधा पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत फिरते. म्हणून डोळा चोळू नये, आणि पहिल्या तपासणीची तारीख ऊसतोडणी किंवा लग्नकार्यासाठी पुढे ढकलू नये. आधी स्वच्छ दिसत असलेली अक्षरे अचानक ओढल्यासारखी किंवा सावली पडल्यासारखी दिसू लागली तर ‘हळूहळू बसेल’ म्हणून थांबू नये. बाहुली मोठी करून डॉक्टरांना भिंगावरच्या खुणा पाहता येतात आणि गरज पडल्यास पहिल्या काही आठवड्यांतच ते फिरवून जागेवर आणता येते. त्या वेळी भिंगाच्या डब्यावरचे स्टिकर फाइलीत असले पाहिजे. कोणत्या शक्तीचे भिंग घातले हे त्यावरूनच कळते.