डीएफजीचा अर्ज करताय? या चुका टाळा

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या अनेक मंडळींच्या घरी आता ऐंशीच्या घरातले आईवडील आहेत, आणि इथल्या घरांची रचना अशी की झोपायची खोली व न्हाणीघर बहुधा वरच्या मजल्यावरच असते. अशा वेळी घरात आवश्यक बदल करून घेण्यासाठी कौन्सिलकडून 'डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट', म्हणजे डीएफजी, मिळते. १९९६ च्या कायद्यानुसार मिळणाऱ्या या अनुदानाची कमाल मर्यादा इंग्लंडमध्ये ३०,००० पौंड आणि वेल्समध्ये ३६,००० पौंड आहे. स्कॉटलंडची व्यवस्था निराळी आहे. ओळखीच्या कुटुंबांचे हे अर्ज मी बरीच वर्षे भरून देत आलो आहे, आणि त्याच त्या चुका पाहून आता खरोखर कंटाळलो आहे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे मंजुरी मिळण्यापूर्वी काम सुरू करणे. माझ्या एका स्नेह्याच्या आईला पक्षाघातानंतर रुग्णालयातून घरी आणायचे होते आणि ओळखीचा बिल्डर नेमका त्याच पंधरवड्यात मोकळा होता. "एवीतेवी पैसे कौन्सिलच देणार, मग थांबायचे कशाला?" असे म्हणून त्यांनी शनिवारी बाथटब फोडला आणि दोन आठवड्यांत चकचकीत शॉवर उभा केला. घरात कोणते बदल लागतील हे ठरवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट पाहायला आल्या, तेव्हा काकूंच्या चाकांच्या शॉवर-खुर्चीची पुढची चाके शॉवर-ट्रेच्या चार इंची काठाला अडली. दार आत उघडत असल्यामुळे खुर्ची वळवायलाही जागा उरली नव्हती. पूर्ण झालेल्या कामाला कायद्याने अनुदान मंजूर करता येत नाही, त्यामुळे बिल स्नेह्यांच्याच गळ्यात पडले आणि तो ट्रे पुन्हा उखडावा लागला तो वेगळाच. अर्धवट सुरू झालेल्या कामाला सबळ कारण असल्यास सवलत मिळू शकते. परंतु बिल्डर मोकळा होता, हे सबळ कारण नव्हे. माझा नियम साधा आहे: मंजुरीचे पत्र हातात पडेपर्यंत न्हाणीघरातली एक फरशीही हलवायची नाही, आणि बिल्डरला 'सध्या फक्त एस्टिमेट हवे आहे' असे लेखी कळवायचे. एस्टिमेट दोन निरनिराळ्या कंत्राटदारांची लागतात, म्हणून तीन मागवावीत, कारण एक जण हमखास टांग मारतो. मधल्या काळाची निकड खरी असते, हे मला मान्य आहे; तिच्यासाठी कमोड, बाथबोर्ड (टबवर बसण्यासाठीची आडवी फळी), भिंतीवरचे धरायचे दांडे यांची मागणी कौन्सिलच्या सोशल सर्व्हिसेसकडे करावी. गरज मान्य झाल्यास १,००० पौंडांपर्यंतचे असे किरकोळ बदल 'केअर अ‍ॅक्ट २०१४' खाली विनामूल्य करून मिळतात.

दुसरी चूक खास आपली आहे. थेरपिस्ट येणार म्हटले की आई सकाळीच आंघोळ उरकून नवी साडी नेसते, पाहुणीसाठी चहा-पोहे करते आणि "मला काही त्रास नाही हो, गुडघे जरा कुरकुरतात इतकंच" असे सांगत, ओठ घट्ट मिटून, जिना चढूनही दाखवते. रात्री दोनदा जिन्यावर बसून खाली सरकावे लागते, हे सुनेला माहीत असते. पण सासूबाईंच्या देखत ती कशी बोलणार? बदल 'आवश्यक आणि योग्य' आहेत की नाहीत, हे त्या एका तासातल्या निरीक्षणावर बव्हंशी ठरते. म्हणून मी भेटीआधी दोन आठवडे एक वही ठेवायला सांगतो: कुठे तोल गेला, कोणी धरले, कोणत्या दिवशी आंघोळच टळली. ती वही थेरपिस्टच्या हाती द्यावी आणि आईला आदल्या दिवशी समजावावे की उद्या येणारी बाई पाहुणी नाही, तिच्यापुढे दुखणे झाकण्यात मोठेपणा नाही. काही जण उलट टोकाला जाऊन नाटक करतात. ते अनुभवी नजरेला लगेच कळते.

"मुलगा चांगला कमावतो, आपल्याला कुठले मिळणार?" या समजुतीने अर्जच न करणारेही पुष्कळ आहेत. प्रौढ व्यक्तीसाठी उत्पन्न व बचत तपासली जाते हे खरे, पण ती दिव्यांग व्यक्तीची आणि तिच्या जोडीदाराची; घर मुलाच्या नावावर असले तरी आईसाठी तो मालक म्हणून अर्ज करू शकतो आणि त्याचा पगार हिशेबात येत नाही. कमी उत्पन्नाच्या वृद्धांना सरकारकडून मिळणारे 'गॅरंटी पेन्शन क्रेडिट' मिळत असेल तर खर्चातला स्वतःचा वाटा भरावा लागत नाही. अठरा वर्षांखालील मुलासाठी अर्ज असेल तर आईवडिलांचे उत्पन्न पाहिलेच जात नाही.

चौकशीचा फॉर्म म्हणजे अर्ज नव्हे. निर्णयासाठीचे सहा महिने पूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून मोजले जातात, म्हणून मी पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलत नाही. आईवडील अर्धे वर्ष पुण्यात राहत असतील तर आधी नीट विचार करावा, कारण पुढची पाच वर्षे हेच त्यांचे मुख्य घर राहील असे लिहून द्यावे लागते. भाड्याच्या घरासाठीही अर्ज करता येतो, मात्र घरमालकाची संमती आधी घ्यावी. घर स्वतःचे असेल आणि अनुदान ५,००० पौंडांहून अधिक असेल, तर दहा वर्षांच्या आत घर विकल्यास त्या ५,००० पौंडांच्या वरच्या रकमेतील कमाल १०,००० पौंड कौन्सिल परत मागू शकते. सही करण्यापूर्वी ते कलम वाचावे.

एस्टिमेटमधील व्हॅटही तपासावा. दिव्यांग व्यक्तीच्या घरातील रॅम्प, दारांचे रुंदीकरण आणि तिच्या गरजेनुसार केलेले न्हाणीघराचे बदल यांवर शून्य दराने व्हॅट लागतो, तरीही अनेक बिल्डर सवयीने २० टक्के लावून मोकळे होतात. त्यासाठीचे साधे घोषणापत्र सही करून बिल होण्यापूर्वीच त्यांच्याकडे द्यावे.