दुसरी बॅरल घेण्याआधी

राज्य स्पर्धेच्या आदल्या रात्री लॉजच्या खोलीत, पलंगावर टॉवेल अंथरून, मी माझ्या रायफलची बॅरल, म्हणजे नळी, बदलली. टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून स्क्रू आवळायचा पाना, घरी साताऱ्यात राहिला होता. म्हटलं, ॲलन कीने आवळू, हाताला अंदाज आहे. सकाळी नीलिंग, म्हणजे गुडघ्यावर बसून मारणं, बरं गेलं. प्रोनला, म्हणजे पालथं झोपून मारताना मात्र, जिथे माझे दहापैकी दोन शॉट चुकले तरी मला राग यायचा, तिथे दहा शॉटची पहिली सिरीज शंभरपैकी ९४ आणि दुसरी ९५. ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा झुबका, घड्याळातल्या चारच्या दिशेने सरकत होता. मी वाऱ्याला दोष दिला आणि साइटचे दोन क्लिक फिरवले, तर तो पुन्हा सरकला. वाऱ्याचे झेंडे तर कपडे वाळत घातल्यासारखे लोंबत होते. मॅच संपल्यावर आमच्या रेंजवरच्या आर्मरर काकांनी (ते रायफली दुरुस्त करतात) बॅरलच्या क्लॅम्पला की लावली. पहिला स्क्रू जोर न लावताच अर्धा फेरा फिरला. काका एवढंच म्हणाले, "पोरी, तू आज दोन रायफलींनी मॅच मारलीस. एक सुरुवातीची आणि एक शेवटची."

पन्नास मीटरला नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (नीलिंग, प्रोन आणि उभं राहून स्टँडिंग) ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकलं आणि आमच्याकडे एअर रायफल सोडून 'पॉइंट टू-टू'कडे, म्हणजे .२२ इंची काडतुसाच्या रायफलीकडे, वळणारी मुलं एकदम वाढली. त्यांचा दुसरा-तिसरा प्रश्न बॅरलचाच असतो. पहिला अर्थातच पैशाचा.

आधी बॅरल बसते कशी ते पाहू. जुन्या ॲन्शुट्झ ५४ ॲक्शनमध्ये (ॲक्शन म्हणजे बोल्ट आणि त्याची यंत्रणा) बॅरल रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट सरकतो त्या चौकटीत, घट्ट बसवून आडव्या पिनांनी धरलेली असते. ती काढणं घरचं काम नाही. काही रायफलींना बॅरल आट्यांवर बसते, तिला व्हाइस आणि ॲक्शन रेंच लागतो. हल्लीच्या बऱ्याच मॅच रायफलींमध्ये रिसीव्हरच्या पुढच्या भागाला चीर असते आणि स्क्रू आवळले की तो भाग बॅरलला मिठी मारतो. बदलायच्या बॅरलचं बोलतो तेव्हा आपण या तिसऱ्या प्रकाराबद्दल बोलत असतो. नॉर्वेत ही गोष्ट अगदी घरगुती आहे. तिथल्या क्लबांतून वापरली जाणारी सावर २०० एसटीआर ही ६.५×५५ ची रायफल, आणि तिला पॉइंट टू-टूची बॅरलही लावता येते, म्हणजे हिवाळ्यात त्याच स्टॉकवर (दस्त्यावर) बंदिस्त रेंजमध्ये सराव. आपल्याकडे ती सोय कोणी मागत नाही. आपल्याला दुसरी बॅरल हवी असते ती बहुतेक वेळा एकाच कारणासाठी: पहिलीवर विश्वास उरलेला नसतो.

इथे थोडं गणित करा, पुष्कळ पैसे वाचतील. पन्नास मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळीची कड रेषेला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे भोकांच्या बाहेरच्या कडा २१.६ मिलिमीटरच्या वर्तुळात मावल्या, की सगळे दहा. चांगली बॅरल आणि तिला मानवणारा काडतुसांचा लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेली काडतुसं, मशिनवर यापेक्षा बराच लहान ग्रुप देतात. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत गुण पूर्णांकात मोजतात, त्यामुळे तिथे १०.० आणि १०.९ सारखेच. स्टँडिंगमध्ये तुमची रायफल जेवढी हलते त्यापुढे दोन बॅरलमधला फरक काहीच नाही. प्रोनचा स्वतंत्र इव्हेंट आणि फायनल वेगळी, कारण तिथे दशांश मोजतात आणि एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. म्हणून मी विचारते, "प्रोनला तुझी सिरीज सरासरी किती?" ९६ असेल तर बॅरल नको, खांद्याचा पट्टा आणि कोपराची जागा नीट कर.

माझी पहिली चूक लॉजवरची नव्हतीच. त्याच्या वर्षभर आधी मी बॅरलला नावं ठेवत होते तेव्हा खरा घोळ लॉटचा होता. पॉइंट टू-टूचं काडतूस आपण मोठ्या, मध्यावर पिन बसणाऱ्या सेंटरफायर काडतुसासारखं हाताने भरू शकत नाही. कारखान्यातून जे येईल ते. एकाच ब्रँडचे, एकाच किमतीचे दोन लॉट एकाच बॅरलमध्ये निरनिराळे वागतात. म्हणून इंग्लंडमध्ये एली आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआ यांच्याकडे लॉट तपासून घ्यायची सोय आहे. स्टॉक काढून ॲक्शन आणि बॅरल मशिनमध्ये घट्ट धरायची आणि एकेका लॉटचे ग्रुप मारून पाहायचे. एलीच्या खोक्यावर लॉट नंबरमध्ये वेगही छापलेला असतो, फूट प्रति सेकंदात. तो आकडा पाहून लॉट घेणारे लोक आहेत. मी घेत नाही. माझ्या पहिल्या बॅरलला जो लॉट आवडला त्याच्याच वेगाचा दुसरा लॉट तिने थुंकून टाकला.

तर दुसरी बॅरल म्हणजे दुसरी रायफल असं धरून चाला. तिला तिचा लॉट लागणार, तिचा झिरो (ग्रुप मध्यावर आणणारी साइटची जागा), तिची वही. माझ्याकडे खरोखर दोन वह्या आहेत, शाळेच्या, दोनशे पानी. प्रत्येकीत मारलेल्या गोळ्यांची बेरीज, लॉट, तिन्ही पोझिशनचे क्लिक, स्क्रूचा टॉर्क. 'एका मॅचमध्ये स्टँडिंगला आखूड आणि प्रोनला लांब बॅरल वापरू' ही कल्पना डोक्यात आली असेल तर ती तिथेच सोडा. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांत एका इव्हेंटमध्ये ॲक्शन, बॅरल आणि स्टॉक बदलता येत नाही. रायफल बंद पडली तरच, तेही ज्युरीच्या परवानगीने. आणि नवी बॅरल जाड असेल तर वजन करून घ्या, सगळ्या जोडण्यांसह ८ किलोची मर्यादा आहे.

आता प्रत्यक्ष बदलणं. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर, चेंबरमध्ये (काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने पाहिलं, मग त्याचं तोंड बोटाने चाचपून पाहिलं. दोन्ही करायचं, कंटाळा आला तरी. क्लॅम्पचे स्क्रू एकदम न सोडता आळीपाळीने सैल करायचे. बॅरल सरळ ओढायची, अडली तर हलका पीळ द्यायचा, हातोडीला हातही लावायचा नाही. मग जी पायरी सगळे गाळतात ती: बसायची जागा आणि बॅरलचा तेवढा भाग स्पिरिटच्या फडक्याने कोरडा पुसायचा. पावसाळ्यात आपण बॅरलला प्रेमाने तेल चोपडून ठेवतो, आणि तेच तेल क्लॅम्पमध्ये गेलं की टॉर्क रेंचचा आकडा खोटा ठरतो. धुळीचा एक कण असला तरी बॅरल शोल्डरवर, म्हणजे तिच्या टेकायच्या कडेवर, पूर्ण टेकत नाही.

पॉइंट टू-टूमध्ये हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि बॅरल यांच्यात काडतुसाला मिळणारी जागा, काडतुसाच्या काठावर ठरतो. तो काठ जेमतेम एक मिलिमीटरचा. बॅरल पूर्ण टेकली नाही तर काठामागे जागा राहते, फायरिंग पिनचा मार पोकळ बसतो आणि मिसफायर होतात. त्याहून वाईट म्हणजे काठ फुटू शकतो. म्हणून बॅरल एका हाताने मागे दाबून धरायची आणि त्याच अवस्थेत स्क्रू तीन टप्प्यांत आवळायचे, क्रम आणि टॉर्क निर्मात्याच्या पुस्तकात दिलेला. माझ्या रायफलचा आकडा इथे सांगत नाही, कारण कोणीतरी तो आपल्या रायफलला लावेल. पहिल्यांदा बसवताना हेडस्पेस गेजने आर्मररकडून तपासून घ्या, आपल्या डोळ्यावर जाऊ नका.

एक्स्ट्रॅक्टरचीही, म्हणजे काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याचीही, गोष्ट सांगते. बॅरलच्या मागच्या तोंडाला एक्स्ट्रॅक्टरसाठी खाचा असतात. बॅरल किंचित फिरून बसली तर एक्स्ट्रॅक्टर खाचेत न जाता पोलादावर आपटतो. माझा बोल्ट एकदा शेवटच्या दोन मिलिमीटरला अडला आणि मी मनगटाने रेटायला निघाले. काकांनी माझा हात अक्षरशः धरला. बोल्ट अडतोय म्हणजे तो काहीतरी सांगतोय. याच भागाशी जोडलेली दुसरी सवय: रिकाम्या चेंबरवर ड्राय फायर (गोळीशिवाय ट्रिगर ओढणं) नको. पिन थेट चेंबरच्या कडेवर बसते आणि तिथे बारीक कंगोरा उठतो. ड्राय फायरचा प्लग वापरा.

बॅरल बसली की स्क्रूच्या डोक्यावरून रिसीव्हरवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढते. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला. लॉजमध्ये ही रेघ असती तर... असो.

फोरसाइट, म्हणजे पुढची साइट, हा सगळ्यांत फसवा भाग. ती बॅरलवर किंवा बॅरलच्या पुढे जोडलेल्या ट्यूबवर असते, म्हणजे बॅरलसोबत तीही बदलते. दुसरी बॅरल लावल्यावर महिनाभर माझं एक कोडं सुटत नव्हतं. नीलिंगला झिरो अगदी मध्यावर. प्रोनला गेले, उंचीचे नेहमीचे क्लिक बदलले, की ग्रुप उजवीकडे. स्टँडिंगला जाताना तो डावीकडे यायचा. मी ट्रिगरचं बोट तपासलं, गालाचा दाब तपासला, प्रशिक्षक मॅडमनी तर व्हिडिओही काढला. शेवटी लेव्हल (पाणसळ) लावून पाहिलं तर ट्यूब तिरकी बसली होती. मागच्या साइटने उंची बदलली की बाजूलाही थोडं सरकणार, साधी भूमिती. रायफल टेबलावर धरून, मागची साइट लेव्हलमध्ये आणून मगच ट्यूब आवळा. पाच मिनिटांचं काम आहे. माझा महिना गेला.

पहिल्या दिवशी ग्रुप पाहून कोणताही निष्कर्ष काढू नका. साफ केलेल्या बॅरलमधून पहिल्या काही गोळ्या भटकतातच. गोळीवरच्या वंगणाचा थर आत बसावा लागतो, आणि लॉट किंवा ब्रँड बदलला की हा थर पुन्हा बसवावा लागतो. मी वीस-तीस गोळ्या मोजतच नाही. त्यानंतर क्लॅम्पचा टॉर्क पुन्हा तपासते, मग दहा-दहाचे पाच ग्रुप. पाच गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप पडला म्हणून त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्यांत मीही होते. दुसऱ्या दिवशी तीच बॅरल, तोच लॉट, आणि ग्रुप दीडपट.

जुनी बॅरल संपली हे कसं ओळखायचं? घाईने ओळखायचंच नाही. पॉइंट टू-टूच्या बॅरल हजारो गोळ्या खातात. पुष्कळदा 'संपलेल्या' बॅरलमध्ये चेंबरच्या लगेच पुढे काजळीचं कडं साठलेलं असतं. बोअरस्कोप (नळीच्या आत पाहायची दुर्बीण) घालून पाहा, कडं नीट साफ करा, आणि मग न्याय करा. खरी झीजही तिथेच, खालच्या बाजूला होते, कारण प्रायमरच्या मिश्रणातली काचेची भुकटी तिथून रोज घासत जाते. पुढच्या तोंडाला मात्र कोणी 'थोडी कापून देतो' म्हणालं तर पळा. मॅच बॅरल बहुतेकदा तोंडाशी अगदी किंचित अरुंद केलेली असते, ती कापली की गेली. शिवाय शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ प्रमाणे विनापरवाना बॅरल आखूड करणं गुन्हाच आहे.

कायद्याचं निघालंच आहे तर: बॅरल हा 'सुटा भाग' म्हणून कुरिअरने मागवायची वस्तू नाही. आपल्या कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रातच मोजतात. म्हणजे आयात परवानगी, परवान्यावर नोंद, सगळं आधी. माझ्या दुसऱ्या बॅरलच्या कागदांना जितके महिने लागले तितक्यात मी पहिलीचा लॉट शोधून काढला होता. संघटनेच्या कार्यालयात बाबा माझ्यासोबत फायली घेऊन बसायचे. शेवटच्या फेरीत त्यांनी विचारलं, "आता ही हवी आहे का नक्की?" मी हो म्हटलं. तोवर मागे फिरायची लाज वाटत होती, खरं कारण तेवढंच.

सध्या पहिलीच बॅरल रायफलवर आहे. दुसरी आत-बाहेर तेल लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कपाटात परवान्याच्या झेरॉक्सशेजारी आहे. तिच्या वहीत शेवटची नोंद गेल्या ऑक्टोबरची: लॉट संपला, नवे चार मागवले, अजून मारून पाहिले नाहीत. पहिलीचे स्क्रू मात्र प्रत्येक सरावाआधी पाहते, आणि टॉर्क रेंच आता घरी नाही, रायफलच्या पेटीतच राहतो.