ओट्याचं काम कोणाला द्यावं: यादी आपली, दर त्याचा

आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात कोणी स्वयंपाकघर नवं करायला काढलं की शेजारपाजारचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय रेट लावला?" नोकरीभर मी ठेकेदारांची बिलं तपासली, त्यामुळे माझा उलटा प्रश्नही ठरलेला: रेट कशाचा? एक जण रनिंग फुटाचा सांगतो, दुसरा स्क्वेअर फुटाचा, तिसरा म्हणतो, "आंटीजी, टेन्शन मत लो, पूरा लमसम कर देंगे." हे तीन आकडे शेजारी मांडून काहीही कळत नाही.

समजण्यापुरता हिशेब करू. ओटा सरळ १० फूट. एकाने रनिंग फुटाला ३,००० सांगितले, म्हणजे ३०,००० झाले. दुसऱ्याने स्क्वेअर फुटाला १,२०० सांगितले. ऐकायला निम्म्याहून कमी. पण खालच्या कपाटांची उंची अडीच फूट धरली तर २५ स्क्वेअर फूट, पुन्हा ३०,०००च. आता विचारा की वरची कपाटं यात आहेत का, आतल्या फळ्या आहेत का, ट्रॉल्या आणि बिजागऱ्या आहेत का. खरा फरक तिथे निघतो. ओटा एल आकाराचा असेल तर कोपऱ्याकडे लक्ष ठेवा. एका भिंतीला ८ फूट आणि दुसरीला ६, असे १४ फूट लावले जातात, पण कोपऱ्यातले दोन फूट त्यात दोनदा येतात. कोपरा कसा मोजणार हे आधीच विचारलं की समोरचा माणूस जरा सरळ बसतो. ग्रॅनाइटचंही तसंच. दगडाचा दर वेगळा, कडेच्या गोलाईचा रनिंग फुटाने वेगळा, सिंक आणि शेगडीसाठी कापायचे आणखी वेगळे.

म्हणून ठेकेदाराला बोलावण्याआधी यादी आपण करायची. वहीच्या दोन पानांत बसते. तोडफोड कोण करणार, ओट्याची उंची किती, दगड कुठला, प्लाय कुठला, किती खण, किती ट्रॉल्या, नळ आणि विजेचे पॉइंट कुठे. तिघांना तीच यादी द्या आणि प्रत्येक ओळीपुढे दर लिहून मागा. निम्मी निवड इथेच होते. कोणी यादी वाचून म्हणतो की इथे सिंक घेतलात तर उतार मिळणार नाही. त्याला चहा पाजा. कोणी यादी घडी करून खिशात घालतो आणि फोनवर एकच आकडा सांगतो. त्याचं काम कदाचित चांगलंही असेल, पण पुढे प्रत्येक गोष्टीला "वो तो अलग से लगेगा" ऐकायची तयारी ठेवा.

उंचीचं एक सांगते, कारण कारागीर ती विचारतच नाहीत. सरसकट ३३-३४ इंच करून मोकळे होतात. जी व्यक्ती रोज पोळ्या लाटते तिला उभं करून कोपरापासून खाली मोजा. कोपराच्या चार-सहा इंच खाली ओटा आला की खांदे भरून येत नाहीत. पोळ्या नवरा करत असेल तर त्याला उभं करा.

आता प्लाय. दुकानात आणि ठेकेदाराच्या तोंडी सगळंच "वॉटरप्रूफ" असतं. यादीत आयएस, म्हणजे भारतीय मानकाचा, नंबर लिहा: आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) त्याच्या खालचा. सिंकखालच्या खणाला ७१०च घ्यावा, बाकी ठिकाणी बीडब्ल्यूआर चालतो. सगळीकडे मरीन लावा असं सांगणारा ठेकेदार तुमच्या खर्चाने निवांत झोपतो. शिक्का पाहायचा तो सनमायका चिकटवण्याआधी. नंतर आत काय आहे ते देवाला ठाऊक. "प्लाय आली की मला दाखवून मगच कापायची" हे वाक्य कागदावर असू द्या. आणि कापलेल्या कडा, विशेषतः खालच्या आणि मागच्या, बंद करणार का ते विचारा. पाणी तिथूनच शिरतं.

ट्रॉल्यांचं स्टील ३०४ नंबरचं, म्हणजे चांगल्या प्रतीचं, आहे हे पटवायला चुंबकाचा खेळ दाखवतात. "देखिए, चिपकता नहीं, मतलब ३०४ है." तसं काही नसतं. २०२ नंबरच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि मीठ, लिंबू, ओल लागली की ते लवकर डागाळतं. बिलावर ३०४ लिहून घ्या, ब्रँड लिहून घ्या. सियागंजात हार्डवेअर घ्यायला कारागीर सोबत आला तर दुकानदार त्याला कमिशन देतो. ही जुनी रीत आहे, त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. पक्कं बिल मात्र आपल्याच नावाचं हवं, नाहीतर बिजागरी किंवा चिमणी बिघडल्यावर वॉरंटी सांगणार कोणाला? दरात १८ टक्के जीएसटी धरलाय की वरून लागणार, हेही त्याच वेळी.

केलेलं काम दाखवतो म्हणून ठेकेदार नवंकोरं स्वयंपाकघर दाखवतो. तिथे पाहण्यासारखं काही नसतं, सगळी नवी स्वयंपाकघरं चांगलीच दिसतात. दोन-तीन पावसाळे काढलेलं काम दाखव म्हणा, आणि शक्यतो घरची बाई घरी असताना जा. सिंकखालचं दार उघडून आत हात फिरवा, वास घ्या. प्लाय फुगली असेल तर बोटांना कळतं. ओट्यावर वाटीभर पाणी ओतून ते सिंककडे जातं की शेगडीखाली, ते बघा. सिंकच्या कडेचं सिलिकॉन काळं पडलंय का, दारं एका रेषेत आहेत का. मग त्या बाईंना एकच विचारा: बिजागरी ढिली झाल्यावर फोन केला तेव्हा हा आला का? त्यांनी उत्तर द्यायला वेळ लावला तर तेच उत्तर समजा.

मॉड्युलर कंपनी की गल्लीतला सुतार, यावर वाद घालण्यात मला रस नाही. कारखान्यात मशीनवर लागलेली कडेची पट्टी बहुधा नीट बसते. जुन्या घराच्या वाकड्या भिंती सुतार जास्त चांगल्या सांभाळतो. रामबागेतल्या किंवा मल्हारगंजातल्या जुन्या घरात काटकोन शोधून सापडत नाही, तिथे मी सुतारालाच बोलावेन.

वीज आणि गॅस यात मात्र भिडेला पडू नका. ओव्हनला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, ४ चौरस मिलीमीटरची तार, अर्थिंग, आणि घरात नसेल तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच. काम करणारा वायरमन परवानाधारक आहे का ते विचारा. घरात अवंतिका गॅस कंपनीची पाइपलाइन असेल तर नळी सरकवायला कंपनीचाच माणूस येणार. "वो तो अपना प्लंबर कर देगा" म्हणणाऱ्या ठेकेदाराचं नाव यादीतून खोडा. सिलेंडर असेल तर त्या खणाला तळाशी जाळी हवी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खालीच साचतो. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो. तिथे वरची जाळी महत्त्वाची.

मुहूर्ताआधी मजूर कुठले ते विचारून घ्या. आपल्याकडे तोडफोडीला झाबुआ, अलीराजपूरची माणसं पुष्कळ. होळीआधी भगोरिया, म्हणजे तिकडचा आदिवासी मेळा, आला की ती गावी जाणार, आणि जावंच त्यांनी. त्यानंतर रंगपंचमीच्या गेरपर्यंत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीपर्यंत, शहरालाच कामाचं सुचत नाही. फाल्गुनात ओटा फोडलात तर हॉलमध्ये शेगडी मांडून बसाल. दिवाळीच्या आधीची घाई तर सगळ्यांनाच असते, तेव्हा एकच कारागीर चार घरं धरून ठेवतो. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येणाऱ्या कॉलनीत कामासाठी वेगळं पिंप लागतं, ते कोण भरणार तेही बोलून ठेवा. आणि मलबा. २०१७पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरात फुटक्या फरशा कोपऱ्यावर टाकल्या तर दंड घरमालकाला होतो, म्हणून मलबा नेण्याची ओळ यादीत हवीच.

पैसे कामाच्या टप्प्यांना बांधा, तारखांना नको. सुरुवातीला दहा-पंधरा टक्के, तोडफोड आणि नळ-वायरिंग झाल्यावर काही, दगड बसल्यावर काही, कपाटं लागल्यावर काही. टाइल लावण्याआधी नळांना दाब देऊन गळती तपासू देणं हाही एक टप्पा धरा. शेवटचे दहा टक्के काम संपल्यावर महिनाभर हातात ठेवा. हे पहिल्याच बैठकीत सांगितलं की ज्याला आपल्या कामाची खात्री असते तो फारसा कुरकुरत नाही.

ते दहा टक्के द्यायच्या दिवशी सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली कोरडा कागद धरून बघा. सगळी बिलं, वॉरंटी कार्डं ताब्यात घ्या. शिवाय उरलेल्या सनमायकाचा तुकडा आणि चार-सहा टाइल्स मागून माळ्यावर टाका. तीच छटा पुढच्या वर्षी बाजारात मिळेलच असं नाही.