हार्ट फेल्युअर: आमच्या घरी झालेल्या या चुका टाळा

'हार्ट फेल' म्हणजे माणूस गेला, असाच अर्थ आपल्याकडे घेतात. बाबांच्या फाइलवर ते शब्द वाचून आईनं डोळ्याला पदर लावला होता. खरं तर हृदय चालूच असतं. त्याचा पंप दमलेला असतो किंवा भिंती कडक होऊन तो नीट भरत नाही. मग पाणी पायांत, फुप्फुसांत साठतं. इको रिपोर्टमधला 'इएफ ४०' (एका ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं, तो आकडा) बघून "साठ टक्के हृदय गेलं" असंही समजू नका. धडधाकट हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं साधारण ५५ ते ७० टक्केच रक्त बाहेर टाकतं.

पहिली चूक आमचीच. पर्वतीच्या १०३ पायऱ्या एका दमात चढणारे बाबा मध्येच टेकायला लागले, आम्ही म्हटलं, वय झालं. आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून उशीला दुसरी उशी आली, मोज्याचा वळ संध्याकाळी घोट्यावर उमटून राहायला लागला, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढची चूक लघवीच्या गोळीची, म्हणजे अंगात साठलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या गोळीची. लग्नाला जायचंय, पीएमपीच्या बसमध्ये तासभर बसायचंय, म्हणून गोळी चुकवायची! डॉक्टरांना सरळ विचारा. बऱ्याचदा घरी परतल्यावर घ्यायची सोय होते.

मिठाचं तर बोलूच नका. ताटातलं मीठ बंद, आणि चहाबरोबर फरसाण, जेवताना पापड-लोणचं, रविवारी मिसळ. सैंधवही शेवटी मीठच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, काही हृदयाच्या गोळ्यांबरोबर ते धोक्याचं ठरतं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनही अंगात पाणी धरून ठेवते.

छातीत दाब, घाम, जबडा किंवा हाताकडे जाणारी कळ, किंवा बसूनही न थांबणारा दम असेल तर 'गॅस' म्हणून सोडा पाजत बसू नका, स्कूटरवरही नेऊ नका. १०८ ला फोन करा.

आता बाबा सकाळी लघवीला जाऊन आले की चहाआधी, रोज त्याच लेंग्यात, काट्यावर उभे राहतात. आकडा कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्याशेजारी. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, की ती चरबी नव्हे, पाणी. आई त्याच दिवशी डॉक्टरांना फोन लावते. मागच्या महिन्यात एकदा लावला, गोळीचा डोस वाढला, ॲडमिट करायची वेळ आली नाही.