उपवासकाळ पाळायचा, नवस फेडायचा नाही

उपवासकाळ म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासाचा काळ. तो सुरू होतो त्या भस्म बुधवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारच्या (ईस्टरच्या) आदल्या दिवसापर्यंत मोजले तर ४६ दिवस भरतात. मधले ६ रविवार वगळले की ४० उरतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो उपवासात धरत नाहीत. रविवारी पोटभर जेवल्याने काही मोडत नाही.

काय सोडायचं हा नियम ठरवण्याआधी वहीत एक वाक्य लिहा: हे मी कशासाठी करतोय? ‘लेकीचं जमावं’, ‘यंदा बोअरला पाणी लागावं’ असं उतरलं, तर तो नवस झाला. मागणं जरूर मागा, पण उपाशी राहून त्याची किंमत चुकवायला जाऊ नका. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल हा क्रमच दाखवतो. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला तो उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात, सुंता आली १७ व्यात. म्हणजे विश्वास आधी, त्याची खूण मागून आली.

आता नियम. एकच घ्या: दुपारचं जेवण, तंबाखू किंवा रात्रीचा मोबाईल. तीन-चार धरले की दुसऱ्या आठवड्यापासून हिशेबच सुरू होतो. हे दिवस साधारण फेब्रुवारी-मार्चचे, म्हणजे हरभरा-ज्वारीच्या काढणीचे. उन्हात राबणाऱ्याने, शुगरच्या रुग्णाने, गरोदर बाईने जेवण सोडू नये, मोबाईल सोडावा. कॅथलिक मंडळीतही उपवासाचं बंधन १८ ते ५९ वयालाच आहे आणि आजाऱ्याला सूट आहे.

साबुदाण्याची खिचडी, भगर, वर शेंगदाण्याची आमटी हा आपल्याकडचा ठरलेला घोटाळा. भाकरी-पिठल्यापेक्षा ते जड आणि महागही. भाकरी खा, पण एक वेळ कमी खा, आणि वाचलेलं धान्य किंवा पैसे त्याच आठवड्यात गरजूच्या घरी पोचवा. यशया ५८ मधला उपवास असाच आहे: भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा.

सोडलेल्या वेळेतली पंधरा मिनिटं वाचनाला द्या. गलतीकरांस पत्राचे अध्याय ६, आठवडेही जवळपास तेवढेच. आठवड्याला एक, तोच रोज वाचा. तिसऱ्या अध्यायाशी थांबून वहीतलं पहिलं वाक्य पुन्हा पाहा. बहुतेकांचं तोवर बदललेलं असतं. पाचव्यातलं सहावं वचन पाठ करा: प्रीतीतून काम करणारा विश्वास. कृतीविना विश्वास मेलेला असं म्हणणारा याकोब पौलाच्या विरुद्ध बोलतो असं वाटत असेल, तर ते इथे सुटतं.

नियम मोडणारच. लग्नाच्या पंगतीत किंवा पाहुण्याच्या चहाबरोबर मोडतो. मग दुप्पट उपवास करून भरपाई करू नका. झालं ते देवापुढे सरळ सांगा आणि पुढच्या जेवणापासून पुन्हा धरा. ‘आता देव रागावला’ ही धास्ती बसली, तर पाळकांशी बोला. नियम तुमच्या मानेवर बसलाय. आणि न पाळणाऱ्या जावेला टोमणा मारावासा वाटला, तर लूक १८ मधला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळून त्याचा तोरा मिरवणारा, आठवा. तोही आठवड्यातून दोनदा उपवास करायचा आणि दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, द्यायचा.

दशांशाचंही तसंच. हरभरा १० क्विंटल झाला तर १ क्विंटल चर्चला, हे गणित सोपं. पण काढणीच्या बायांची मजुरी थकलेली असेल तर आधी ती द्या. शेतात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं याकोबाच्या पाचव्या अध्यायात चौथ्या वचनातच आहे. दशांशाचं पोतं त्यानंतर उचला.