यॉट क्लबची बर्जी घरी कशी शिवावी

चैत्रात सप्तशृंगगडाकडे पायी निघणाऱ्या खान्देशातील भाविकांचे झेंडे ज्यांनी घरी शिवले आहेत, त्यांना यॉट क्लबची बर्जी शिवणे अवघड जाणार नाही. बर्जी म्हणजे होडी कोणत्या क्लबच्या सभासदाची आहे हे सांगणारी लहान, बहुधा त्रिकोणी पताका. ब्रिटनच्या प्रथेनुसार तिचा मान डोलकाठीच्या टोकाचा, तर देशाचे निशाण होडीच्या मागच्या बाजूला लागते.

सरावासाठी इंग्लंडमधील काऊज येथील, 1815 साली स्थापन झालेल्या रॉयल यॉट स्क्वाड्रन या क्लबची बर्जी घ्यावी. पांढऱ्या जमिनीवर लाल क्रूस आणि मधोमध सोनेरी मुकुट, इतकीच तिची मांडणी आहे. ती भिंतीसाठीच शिवावी, कारण पाण्यावर ती लावण्याचा अधिकार सभासदांचाच आहे.

आपल्या भागात कापूस पिकतो, त्यामुळे हात आधी सुती कापडाकडे जातो. परंतु सुती कापड भिजले की जड होऊन लोंबते, म्हणून होडीवर लावायच्या पताकेसाठी पॉलिस्टरच घ्यावे. नमुना मात्र मांजरपाटावर बेतावा.

काठीकडील बाजू 20 सेंटिमीटर आणि लांबी 30 सेंटिमीटर धरावी. दुमडीसाठी तिरक्या कडांना दीड, नेफ्यासाठी 4 सेंटिमीटर जास्त सोडावे. खरी काळजी बेतण्यातच आहे. कापडाचा उभा धागा पताकेच्या मधल्या रेषेवर नेमका यायला हवा. माझ्या पहिल्या पताकेत तो कलला होता. एक कड दुसरीपेक्षा जास्त ताणली गेली, आणि इस्त्री करूनही टोक एका अंगाला वळलेलेच राहिले. म्हणून तिरक्या कडांवर दुमडण्याआधी, कापड न ओढता, एक साधी टीप मारून घ्यावी. टोकाशी दुमडी एकावर एक येऊन गाठ होते, तेव्हा आतले जादा कापड कातरावे.

क्रूसाच्या पट्ट्या आणि मुकुट दोन्ही बाजूंना समोरासमोर लावावेत. स्वतःची बर्जी आखणाऱ्याने अक्षरे टाळावीत, कारण विरळ कापडातून ती मागून उलटी दिसतात.

शेवटी नेफ्यात जाड तार ओवून तिच्या दोन्ही टोकांच्या कड्या वळवाव्यात आणि त्या काठीवर सैल बसवाव्यात. गच्चीवर वाऱ्यात धरून पाहावे; पताका काठीभोवती गुंडाळली जात असेल, तर कड्या अजून सैल कराव्यात.